बॉटच्या कपाळावरचा आकडा कोणी मोजला?

सरळ मुद्द्यावर येतो. बुद्धिबळाच्या ॲपमध्ये बॉटच्या, म्हणजे आपल्याशी खेळणाऱ्या प्रोग्रामच्या, नावाखाली १२००, १५००, १८०० असे ताकदीचे जे आकडे, म्हणजे रेटिंग, लिहिलेले असतात ते खऱ्या माणसांसोबत खेळून मोजलेले नसतील तर लिहूच नयेत, आणि मोजलेले असतील तर किती गेम, कोणासोबत, किती मिनिटांचे हे शेजारी लिहावं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ-वाशिमकडच्या तालुक्याच्या गावांत, क्लासवाले पॅम्प्लेटवर "आमचा विद्यार्थी १८०० च्या कॉम्प्युटरला हरवतो" असं छापून फी घेऊन राहिले, आणि बाप लोक सोयाबीनचे पैसे आले की ती भरून राहिले. दिव्या देशमुखनं २०२५ ला बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून तर विचारूच नका. नागपूरची पोरगी ग्रँडमास्टर होते तर आपली काहून नाही? प्रश्न एकदम बरोबर आहे. फक्त त्या पोरीचं पाणी मोजायला हातात जे माप आहे ते कुठून आलं एवढं तरी बघा ना.

आधी हिशोब. अर्पाद एलो म्हणून मूळचे हंगेरीचे एक प्राध्यापक होते, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवायचे. खेळाडूंना रेटिंग द्यायची त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ फेडरेशननं १९६० ला घेतली आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, १९७० ला. त्यात मजा अशी की रेटिंगचा एकटा आकडा काहीच सांगत नाही, दोघांच्या आकड्यातला फरक सांगतो. २०० चा फरक असला तर वरच्यानं चार गेममध्ये साधारण तीन पॉइंट घ्यावेत (जिंकला की एक, ड्रॉ झाला की अर्धा), ४०० चा असला तर दहात नऊच्या वर. हेच उलटं केलं की झालं परफॉर्मन्स रेटिंग. समोरच्यांच्या रेटिंगची सरासरी काढा, तुम्ही किती टक्के पॉइंट घेतले ते बघा, आणि फिडेच्या कोष्टकात त्या टक्क्यासमोर जो फरक लिहिलाय तो सरासरीत मिळवा. ५० टक्क्यांना शून्य, ६० ला ७२, ७५ ला १९३, ९० ला ३६६. पन्नासच्या खाली गेलात तर तेवढेच वजा. पाचवी-सहावीचं पोरगं करू शकते.

आणि इतकं सोपं आहे म्हणूनच त्याचा गैरवापर होतो.

सगळ्यात गाजलेली गोष्ट घ्या, तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव आणि आयबीएमची बुद्धिबळ खेळणारी मशीन डीप ब्लू. १९९६ ला फिलाडेल्फियात सहा गेम झाले, कास्पारोव ४-२ नं जिंकला. त्याचं रेटिंग तेव्हा २७७५, म्हणजे मशीनचं परफॉर्मन्स येतं २६५० च्या आसपास. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कला पुन्हा सहा, यावेळी मशीन साडेतीन-अडीचनं जिंकली, कास्पारोव २७९५ ला होता, म्हणजे मशीन २८५० च्या आसपास. एका वर्षात २०० पॉइंटची उडी! मशीन सुधारली होती हे खरंच आहे, हार्डवेअर वाढवलं होतं, ग्रँडमास्टर बसवून तिच्यावर मेहनत घेतली होती. पण त्या २०० मधले किती सुधारणेचे आणि किती नुसत्या योगायोगाचे? १९९७ च्या दुसऱ्या गेममध्ये कास्पारोवनं डाव सोडला आणि नंतर लोकांनी तिथे लागोपाठ शह देऊन ड्रॉ शोधून काढला. तो अर्धा पॉइंट इकडून तिकडे केला तर मॅच ३-३, आणि मशीनचं परफॉर्मन्स बरोब्बर २७९५. एका माणसाच्या एका संध्याकाळच्या वैतागाची किंमत पंचावन्नच्या वर पॉइंट. त्यानंतर डीप ब्लू पुन्हा कोणाशीच खेळली नाही, म्हणजे हा आकडा तपासायचा रस्ताही बंद. पेपरात मात्र "मशीन जगज्जेत्याच्या वर" असं एकदा छापून आलं ते आलंच.

कापूस खरेदीला गाडी उभी राहते तेव्हा ग्रेडर वरच्या थरातून मूठभर कापूस उचलून ओलावा बघतो आणि त्या मुठीवर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो, यावर आपल्याकडे दरवर्षी भांडणं होतात की नाही? सहा गेमचं परफॉर्मन्स म्हणजे ती मूठ आहे. समजा एका बॉटला तुम्ही बारा गेम खेळवले, समोरच्यांची सरासरी १४८०, बॉटनं नऊ पॉइंट घेतले. ७५ टक्के, म्हणून १४८० अधिक १९३, म्हणजे १६७३. चारही आकडे कसे छान लिहिलेले दिसतात, शेवटचा ३ सुद्धा! पण बारा गेममध्ये नशिबाचा खेळ इतका असतो की खरी ताकद १४५० पासून १९०० पर्यंत कुठेही असू शकते. १४५० वाला आणि १९०० वाला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो, पहिला आमच्या तालुक्यात चौथा-पाचवा येतो आणि दुसरा इथे येतच नाही. ही ढिलाई अर्धी करायची तर गेम दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. म्हणून शंभराच्या खाली गेम असतील तर मशीनच्या आकड्याचे शेवटचे दोन अंक मी तरी वाचत नाही.

आता दुसरी गंमत. २००९ ला ब्युनोस आयर्सच्या मर्कोसूर कपमध्ये पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम चक्क मोबाइलवर चालवून माणसांविरुद्ध बसवला होता. दहापैकी साडेनऊ, परफॉर्मन्स २८९८. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी पोझिशन तपासायची, हा फोन २० हजारांच्या आतच, आणि आकडा डीप ब्लूच्या वर. प्रगती जबरदस्त, त्यात वादच नाही. पण कोष्टक बघा: ९५ टक्क्यांना ४७० मिळतात आणि १०० टक्क्यांना ८००. म्हणजे तो एकुलता एक ड्रॉ जिंकला असता तर परफॉर्मन्स ३३० नं वर गेलं असतं, ३२०० च्या पार. मग ८०० का, ९०० का नाही? कारण गणितानं बघितलं तर सगळेच गेम जिंकणाऱ्याचं परफॉर्मन्स अनंत येतं, म्हणून फिडेनं ८०० वर हात टेकले. मशीन माणसापेक्षा बरीच तगडी झाली की हे माप वरून उघडं पडतं, ते तिला मोजूच शकत नाही. "माझ्या फोनमधलं ॲप ३५०० चं हाय" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, तो आकडा माणसांसोबत खेळून आलेला नाही, येऊही शकत नाही.

सरासरीचाही एक झोल आहे. मशीननं एका १००० वाल्याला हरवलं आणि एका २४०० वाल्याशी हरली. सरासरी १७००, पॉइंट ५० टक्के, परफॉर्मन्स १७००. पण ११०० वाल्याचाही बहुतेक हाच निकाल लागला असता आणि २३०० वाल्याचाही. म्हणजे १७०० हे त्या दोन गेमनी सांगितलंच नाही, ते सरासरीनं सांगितलं. म्हणून समोरचे मशीनच्या जवळपासचे पाहिजेत, नाहीतर गेम वाया. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पन्नास पोट्टे रांगेनं लॅपटॉपसमोर बसवून "कॉम्प्युटरनं पन्नासपैकी पन्नास जिंकले" असं जाहीर करतात, त्यातून काय समजलं? तर लॅपटॉप चालू होता.

आणि मशीन म्हणजे माणूस नव्हे हा मुद्दा तर राहूनच जातो. माणसाचं रेटिंग म्हणजे एका माणसाचं, तो आज आणि सहा महिन्यांनी साधारण तोच असतो. मशीन कोणती? कोणत्या व्हर्जनची, कोणत्या फोनवर, चालीला किती सेकंद देऊन? न्यूयॉर्कला तर दोन गेमच्या मधे प्रोग्राममध्ये बदल करायला परवानगी होती, म्हणजे सहा गेम एकाच खेळाडूचे म्हणायचे की चार-पाच वेगवेगळ्यांचे? वेळ कमी केला की माणूस चुका करतो, मशीनला तेवढा फरक पडत नाही, म्हणून तोच प्रोग्राम ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या गेममध्ये, शे-दोनशेनं वर दिसू शकतो. आणि थकवा. २००६ ला बॉनमध्ये क्रामनिक, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन, डीप फ्रिट्झ या प्रोग्रामसमोर एका चालीत होणारी मात न बघता खेळून गेला. असं मशीनकडून होत नाही, ती वेगळ्याच ठिकाणी चुकते. दोघांना एकाच काट्यावर मोजताना हे सगळं त्या एका आकड्यात कोंबलं जातं.

जुन्या लोकांची पद्धत मला तरी जास्त प्रामाणिक वाटते. १९६७ ला एमआयटीतल्या ग्रीनब्लाटचा मॅक हॅक प्रोग्राम सरळ माणसांच्या टूर्नामेंटमध्ये उतरवला, हरला, जिंकला, आणि माणसांसारखंच त्याला रेटिंग मिळालं. १९८३ ला बेल या मशीननं अमेरिकन मास्टरची पातळी गाठली तीही माणसांशी खेळूनच. कॉम्प्युटर बुद्धिबळासाठी ठेवलेल्या फ्रेडकिन बक्षिसात ग्रँडमास्टर पातळीसाठी अट होती ती एका मॅचची नव्हती, २५ गेममध्ये २५०० चं परफॉर्मन्स दाखवा अशी होती, आणि डीप थॉट या मशीननं ते दाखवून पैसे घेतले. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी नाही, पण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी तरी लोकांना कळत होतं की पाच-सहा गेमवर बोलू नये.

मग मशीन इतक्या पुढे गेल्या की माणसांनी खेळणं सोडलं, आणि मशीन मशीनशी खेळायला लागल्या. स्वीडनची एसएसडीएफ यादी, नंतरची सीसीआरएल यादी, सगळे प्रोग्राम आपापसात हजारो गेम खेळतात. गेमची कमी नाही, आकडे घट्ट आहेत. पण घट्ट म्हणजे काय, त्यांच्या आपसातला फरक घट्ट. वर सांगितलं तसं रेटिंग म्हणजे फक्त फरक, त्यामुळे अख्ख्या यादीत ५०० मिळवा किंवा वजा करा, आपसातलं काहीच बदलत नाही. माणसांच्या रेटिंगशी ती यादी एका खुंटीनं बांधावी लागते आणि ती खुंटी म्हणजे माणूस-विरुद्ध-मशीन गेम. स्वीडनवाल्यांनी सुरुवातीला तशी बांधली होती, पण पुढे आकडे फुगले असं वाटून २००० साली सरळ सगळ्यांचे १०० पॉइंट कापले. एका रात्रीत सगळ्या मशीन १०० नं कमजोर झाल्या, खेळ मात्र तोच! स्टॉकफिश या फुकटच्या इंजिनमध्ये, म्हणजे बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये, "एवढ्या रेटिंगनं खेळ" अशी सोय आहे ना, ती सुद्धा या मशीनच्या यादीलाच बांधलेली आहे. आता एखाद्या ॲपवाल्यानं तेच घेतलं, १५०० वर काटा ठेवला, वर एका मिशीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र लावलं आणि खाली १५०० लिहिलं, तर तो आकडा माणसांच्या जगातला राहिला का?

याचं काय होतं ते मी टेबलावर बघितलंय. आमच्या तालुक्याच्या एका टूर्नामेंटमध्ये फॉर्मवर रेटिंगचा रकाना होता, त्यात एका बारक्या पोरानं १८०० लिहिलं. विचारलं तर म्हणे, "म्या अठराशेच्या बॉटले हरवतो, काकाजी." आयोजकांनी कौतुकानं पहिल्या टेबलावर बसवलं, समोर एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर, त्यांना रेटिंग-बिटिंग काही नाही. पोरगं ओपनिंग मस्त खेळलं, दहा-बारा चाली पाठ होत्या. मग एक विचित्र गोष्ट दिसली. पंधराव्या चालीनंतर ते नुसतं हत्ती इकडचा तिकडे करत बसलं. अ-ओळीत, मग ब-ओळीत, परत अ-ओळीत. ड्रायव्हर काकाजींनी सावकाश प्यादी सरकवली, घोडा मधे आणून रोवला, आणि वजिराच्या बाजूनं पूर्ण उघडून टाकलं. खेळ संपल्यावर त्यांनीच विचारलं, "वाट कायची पाहून राहिला होता बे तू?" पोरगं म्हणे, "तुमी वजीर सोडसान म्हनून."

ॲपमध्ये तसंच होतं ना! मशीनला कमजोर करायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे ती मधेच मुद्दाम चुकते. चौदा चाली ग्रँडमास्टरसारख्या आणि पंधरावीला वजीर फुकट. १८०० चा माणूस असा चुकत नाही, तो योजनेत चुकतो, घाईत प्यादं पुढे ढकलतो, एंडगेममध्ये राजा उशिरा आणतो. दोघांचे टक्के एकसारखे आले तरी त्यांच्याशी खेळून पोरगं शिकतं ते वेगळं. पोरानं जे शिकायचं तेच शिकलं, वाट बघायला. त्याची चूक नाही, बापाची तर नाहीच नाही.

काही जण म्हणतात, जाऊ द्या ना भाऊ, खेळ आहे, फुकट ॲप आहे, आकड्याचं कायले इतकं? पुण्या-मुंबईच्या पोराला हे लागू असेल. त्याच्याजवळ कोच आहे, दर रविवारी टूर्नामेंट आहे, बॉट त्याचा टाइमपास. इकडे रेटेड टूर्नामेंट म्हणजे नागपूर नाहीतर अमरावती, पहाटेची बस, एन्ट्री फी, दोन दिवस कुठे राहायचं हा प्रश्न, आणि हंगामात तर घरातून कोणी सोबत येऊच शकत नाही. मग रोज संध्याकाळी लाइट असली तर समोर असतो तो बॉटच. ज्याला दुसरा आरसा नाही त्याच्या आरशात वाकडं दिसू नये, एवढी तर अपेक्षा करू शकतो की नाही? आणि वरच्या टोकाला ३५०० की ३६०० यानं कोणाचंच बिघडत नाही. बिघडतं ते ८०० ते १८०० मध्ये, आणि नेमकं तिथंच कोणी मोजायची तसदी घेत नाही.

मोजणं शक्य नाही असंही नाही. माया नावाचा प्रोग्राम आहे, ११०० ते १९०० अशा वेगवेगळ्या पातळ्यांच्या माणसांच्या गेमवरून "माणूस इथे काय खेळेल" हे शिकवलेला. त्याला लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर खुला सोडला, माणसं त्याच्याशी रेटेड गेम खेळली, आणि निघालं काय तर ११०० वाल्यांच्या गेमवर शिकलेली माया स्वतः खेळायला बसली की ११०० च्या बऱ्याच वर जाते. कारण ती सरासरी माणसाची चाल खेळते, आणि एकेकट्या माणसाचा जो बावळटपणा असतो तो सरासरीत धुऊन जातो. म्हणजे बनवणाऱ्याला वाटतं तो आकडा आणि खेळून येतो तो आकडा वेगळे असतात, आणि हे खेळल्याशिवाय कळलंच नसतं. त्याच लिचेसवर गेम कमी असले की रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह लावतात. एवढंसं चिन्ह, पण खरं बोलतं. फिडे सुद्धा आता नवीन खेळाडूचं पहिलं रेटिंग काढताना त्याच्या खऱ्या गेममध्ये १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी दोन ड्रॉ मिळवते, कशासाठी, तर थोड्या गेमवर आकडा उधळू नये म्हणून. माणसाच्या पोराला इतकी शिस्त आणि बॉटला काहीच नाही?

तर ॲपवाल्यांनी करायचं ते इतकंच, तुमच्याजवळ माणूस-बॉट गेमचा ढीग पडलाय, त्यातून बॉटचं परफॉर्मन्स काढा, गेमचा आकडा आणि दोन्हीकडची ढिलाई छापा, आणि ते रेटिंग तुमच्या ॲपचं आहे, फिडेचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा. ज्या बॉटचं मोजलं नाही त्याला "सोपा", "मध्यम", "कठीण" म्हणा, कोणी मरत नाही. आणि आपल्या इकडच्या आयोजकांनी फॉर्मवर ॲपचं रेटिंग घेणं बंद करावं. रेटिंग नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, पहिल्या दोन राउंडमध्ये काय ते दिसतंच.

एक अडचण मात्र मलाही सुटलेली नाही. समजा आपणच उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्यातले रेटिंगवाले पोट्टे जमवले आणि एखाद्या बॉटला शे-दीडशे गेम खेळवून रीतसर मोजलं. तर ज्यांच्या रेटिंगवरून मोजायचं त्यांचंच रेटिंग बरोबर आहे का? लहान गावातली पोरं झपाट्यानं सुधारतात, खेळतात मात्र आपसातच, बाहेरचे पॉइंट आत येत नाहीत, म्हणून १७०० ची ताकद असलेलं पोर कागदावर १५०० लाच अडकून राहतं. स्वीडनच्या मशीनसारखंच, आपली यादी पण बंद डबक्यातली. आकडे खाली घसरलेत हे फिडेलाही मान्य करावं लागलं, १ मार्च २०२४ ला त्यांनी २००० च्या खालच्या सगळ्यांना, २००० ला जितके कमी होते त्याच्या ४० टक्के पॉइंट एकदम वाढवून दिले आणि सगळ्यात खालची मर्यादा १४०० केली. म्हणजे ज्याचं १५०० होतं त्याचं झोपेतच १७०० झालं. आता त्याच्याशी आदल्या महिन्यात बरोबरीत खेळलेल्या बॉटचं काय लिहायचं, १५०० की १७००? मला वाटतं दोन्ही लिहावेत, तारखेसकट, आणि कोणत्या जिल्ह्यातल्या पोरांशी खेळून आला तेही.